बाबांना गणित येत नव्हतं

"अतः दिए गए समीकरण का कोई वास्तविक मूल नहीं है," रोशनीनं पुस्तकातलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मटार सोलणाऱ्या देवदत्तचा अंगठा शेंगेतच थांबला. वाक्य काही नवं नव्हतं. तो स्वतः हिंदी शाळेत शिकला होता आणि दहावीत त्यानं हेच वाक्य कितीतरी गणितांच्या शेवटी लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. मूल म्हणजे मूळ, समीकरणाची उकल. इतक्या वर्षांत त्याला त्यात दुसरं काही ऐकू आलं नव्हतं. पण आज ते वाक्य अचलपूरहून आलेल्या मुलीच्या तोंडून आलं होतं. नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली ती मुलगी समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, आणि ती त्याच्या बायकोची मुलगी होती, त्याची नव्हती. मूल. वास्तविक मूल. कोई वास्तविक मूल नहीं है. खिडकीतून डिसेंबरचं ऊन टेबलावर आलं होतं, सालांचा ढीग ओलसर हिरवा वास सोडत होता, आणि त्याला उगाचच वाटलं की हे वाक्य या खोलीत कुणीतरी मुद्दाम उच्चारलं आहे. त्यानं वर पाहिलं. रोशनी त्याच्याकडेच बघत होती. तिलाही ते ऐकू आलं होतं, हे त्याला तिच्या कानांवरून कळलं. तिचे कान लगेच लाल होत.

"काका, मूल म्हणजे मूळच ना?" तिनं विचारलं.

"हो, हो. मूळच. हिंदीत ळ नाही ना."

"अच्छा," ती म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक दातात धरून पुन्हा पुस्तकात शिरली. तोही पुन्हा शेंगा सोलू लागला, पण सालं भांड्यात आणि दाणे ढिगात टाकू लागला. हे लक्षात यायला त्याला बराच वेळ लागला.

ळ नाही एवढंच, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्याच्या घराण्यात कुणीतरी पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडं आला आणि नर्मदेकाठीच राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असंच चालत आलं. देवदत्तला राग हिंदीत येई, हिशोबही तो मनात हिंदीत करी. मराठी त्याला आईशी बोलायला लागायची. आई गेल्यावर काही वर्षं ती जवळजवळ बंदच पडली होती. मग पंचेचाळिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, नागपूरच्या मावशीनं दीप्तीचं स्थळ आणलं. दीप्तीचा नवरा, स्वप्निल, डेंग्यूनं गेला होता. एक मुलगी होती. लग्न कोर्टात झालं. सगळे सह्या करत होते तेव्हा ती मुलगी कॉरिडॉरच्या बाकावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होती. खरं तर चपला काढायला कुणी सांगितलंच नव्हतं, देवदत्तनंच सवयीनं काढल्या आणि त्याचं पाहून बाकीच्यांनीही. बाहेर आल्यावर तिनं त्याच्या चपला नीट जोडीनं त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "तुम्हाला मी काका म्हणू?" इतक्या अदबीनं की तो चपला घालायचंच विसरला. "म्हण ना बेटा," तो म्हणाला. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना त्याला मराठी नव्यानं शिकल्यासारखं वाटे. तीही त्याच्याशी जपून बोले. दोघं एकमेकांच्या भाषेत पाहुण्यासारखे वावरत.

सहामाहीत ती गणितात नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत हिंदीशी झगडत तिनं बरे मार्क आणले होते, पण गणिताचा पेपर जवळजवळ कोराच होता. ही बातमी अचलपूरला तिच्या आजोबांपर्यंत, गणपतरावांपर्यंत पोचली तेव्हा त्यांचा फोन आला. दीप्ती सदर बाजारातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ड्यूटीवर होती, म्हणून तो देवदत्तनंच घेतला. "पोरीचे हाल होऊन राह्यले तिकडं," गणपतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "ह्ये वर्ष जाऊ द्या. मी येतो अन् तिले घेऊन जातो. पुढच्या साली इकडं मराठीतून बसवतो. गणितात ती आमच्या स्वप्निलवर गेली म्हनते, मंग काय करता." देवदत्त "हो जी, हो जी" करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत, आणि फोनवर बोलताना पूर्ण वेळ उभेच होतो. संध्याकाळी दीप्तीनं सगळं ऐकून घेतलं. "तिलाच ठरवू द्या," ती म्हणाली. मग पोळी लाटता लाटता थांबून म्हणाली, "मला विचारू नका अहो. मी काही बोलली तर ती माझ्यासाठी राहील. तसं राहणं नको." त्यानं मान हलवली. त्याला मात्र वाटत होतं की ती कुणासाठीही राहावी, कशासाठीही राहावी, फक्त राहावी. आपल्याला हे इतकं हवं आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं. सकाळी बाथरूमसमोर होणारी तिघांची गर्दी, रॅकवरची तिची दोरी सुटलेली बुटं, दूध उतू गेल्यावरची तिची किंकाळी. हे सगळं आता काढून घेतलं जाणार, आणि ते एका समीकरणामुळे, हे त्याला कुणाला सांगताही आलं नसतं.

म्हणून तो रोज ऑफिसातून लवकर येऊ लागला. वीज कंपनीत तो लाइनींचे नकाशे पाही, त्यामुळे कागद, पट्टी आणि कात्री या गोष्टी त्याच्या हातातल्या होत्या. सूत्र त्याला स्वतःला कधीच पाठ झालं नाही. वर्गात सगळी मुलं एका सुरात 'माइनस बी प्लस माइनस' म्हणत तेव्हा तो नुसते ओठ हलवी, आणि परीक्षेत प्रत्येक वेळी लांबच्या रस्त्यानं जाऊन चौरस पुरा करी. तेच त्यानं रोशनीला दाखवायचं ठरवलं. पुस्तकातलं गणित एका आयताकार शेताचं होतं. लांबी रुंदीपेक्षा सहा मीटर जास्त, क्षेत्रफळ चाळीस. त्यानं मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा घेतला. "रुंदी एक्स. मग हा एक्स बाय एक्सचा चौरस, आणि उरलेली ही सहा रुंदीची पट्टी. दोन्ही मिळून चाळीस. आता पट्टी उभी चीर. तीन-तीनच्या दोन झाल्या. एक उजवीकडं लाव, एक खाली लाव." तिनं लावल्या. "काय दिसतं?"

"चौरस," ती म्हणाली. मग मान वाकडी करून, "पण कोपरा नाही ना त्याला."

"केवढा कोपरा नाही?"

"तीन बाय तीन. नऊ." तिनं आपणच पुठ्ठ्याचा तुकडा कापला आणि कोपऱ्यात बसवला. "मग चाळीस अन् नऊ, एकोणपन्नास. म्हणजे सात बाय सात. म्हणजे एक्स अधिक तीन सात..." तिचा आवाज चढत गेला आणि एकदम थांबला. तिच्या चेहऱ्यावर नुकताच आलेला उजेड कुणी फुंकर घालून विझवावा तसा गेला. तिनं पेन बंद केलं, टोपण लावलं आणि वही जवळ ओढून घेतली. "नको काका."

"काहून? आलं तर होतं."

"नाही आलं. तुम्ही सांगितलं म्हणून." ती पुठ्ठ्याकडं बघत होती. "मला येतच नाही गणित. बाबांनाही येत नव्हतं. पाचवीत मला चाळीसपैकी सात पडले तेव्हा ते म्हणाले होते, जाऊ दे, मला पण येत नव्हतं, माझी लेक माझ्यावर गेली. सगळे म्हणतात नाक आईचं, रंग आईचा. एक गणितच बाबांचं आहे."

हे तिनं तक्रार म्हणून नाही, अभिमानानं सांगितलं. देवदत्तनं टेबलावरचे पुठ्ठ्याचे तुकडे गोळा केले आणि ते टाकायचे की ठेवायचे हे न सुचून खिशात घातले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नकाशावर वाकून बसला असताना ते मांडीला टोचत राहिले, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. आपण शिकवत नाही आहोत, आपण काढून घेतो आहोत. रोशनीच्या कपाटावर स्वप्निलचा फोटो होता, उन्हात डोळे बारीक केलेला, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि एक सुटलेली. देवदत्त तिच्या खोलीत गेला की त्या फोटोकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं मान झुकवून बघे. आज त्याला त्या माणसासमोर लाज वाटली. एका माणसाकडून मुलीला एकच गोष्ट मिळाली, तीही न येण्याची, आणि हा दुसरा पट्टी-कात्री घेऊन तिच्यामागं लागला आहे. कशासाठी? तिनं पास व्हावं म्हणून की तिनं इथं राहावं म्हणून? तो त्या दिवशी मुद्दाम उशिरा घरी गेला. नंतरच्या दिवसांत त्यानं गणिताचं नाव काढलं नाही. रोशनीनंही काढलं नाही, पण संध्याकाळी त्याची यायची वेळ झाली की ती पुस्तक उघडून टेबलाशी बसलेली असे, आणि तो आला की लगेच दुसरा विषय काढी. हे त्याला दिसत होतं. त्याचा अर्थ लावायचं धाडस त्याला होत नव्हतं.

जानेवारीत गणपतराव आले. मदन महल स्टेशनवर देवदत्त त्यांना घ्यायला गेला तेव्हा डब्यातून उतरलेला तो उंच, वाकलेला म्हातारा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं चष्मा पुसत म्हणाला, "तुमच्याकडं थंडी लय हाय बाप्पा." घरात रोशनी त्यांच्या गळ्यात पडली, त्यांच्या पिशवीतून तिळाचे लाडू आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या बातम्या निघाल्या, आणि ती इतक्या मोकळ्या, भरभर वऱ्हाडीत बोलू लागली की देवदत्तला वाटलं, ही मुलगी आपण पाहिलीच नव्हती. आपल्याशी बोलताना ती किती शब्द मागं ठेवते!

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतरावांना फिरायची सवय म्हणून तो त्यांना घेऊन टेकडीच्या बाजूला गेला. काळ्या गोल दगडांच्या मधून वाट वर जात होती. धाप लागल्यावर ते एका दगडावर टेकले आणि चहाच्या टपरीवरून देवदत्तनं दोन कप आणले. "तुम्ही नाराज नका होऊ," गणपतराव म्हणाले. "तुम्ही पोरीले जीव लावता, ते मले दिसते. पन तिचं वर्ष गेलं तर तिचा धीर जाईन." मग कपात बघत ते हसले. "काय गंमत हाय पाहा. ह्या पोरीले गणित येत नाही, अन् तिच्या बापाले झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर तयार. आमच्या खता-बियाण्याच्या कृषी केंद्रात त्यानं कधी कॅल्क्युलेटर नाही ठेवलं. गिऱ्हाईक बोलून राह्यलं तवरच ह्याची बेरीज होये. मास्तर म्हनत, ह्याले इंजिनेरीले पाठवा. मीच नाही पाठवलं."

देवदत्तच्या हातातला कप कलला आणि चहा बोटांवरून वाहिला. "पण ती तर म्हणते बाबांना येत नव्हतं."

"म्हनते तर. फोनवर मी हो म्हनतो. त्यानंच सांगितलं होतं तिले तसं. घरी येऊन मले म्हने, बाबा, रोशनी लय रडून राह्यली होती, म्या तिले सांगितलं मी पन ढ होतो. तुम्ही उघडं नका पाडू." म्हातारा थांबला. "आता सांगावं म्हनतो तिले. बाप हुशार होता हे कळलं तर पोरगी जोर लावीन."

देवदत्तला समोरची टेकडी, दगड, खालच्या वस्तीतून उठणारा धूर, सगळं क्षणभर फार जवळ आल्यासारखं वाटलं. कधी न भेटलेला तो माणूस त्याला एकदम दिसला. रडणाऱ्या मुलीसमोर उकिडवा बसलेला, आणि आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं तेच 'येत नाही' म्हणून सांगणारा. आपण असं करू शकलो असतो का? "नका सांगू दादा," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "परीक्षेसाठी म्हणून तर बिलकुलच नका सांगू. ते तिच्या बाबांनी तिला दिलंय. तुम्ही घेऊन जा तिला, मी काही म्हणणार नाही. पण हे राहू द्या तिच्याजवळ."

गणपतरावांनी दुपट्ट्याच्या टोकानं देवदत्तच्या बोटांवरचा चहा पुसला, लहान मुलाचे हात पुसावेत तसा. "चाला," ते म्हणाले, "उतरू."

दुपारी जेवणं झाल्यावर रोशनी गॅलरीत चटईवर आजोबांजवळ बसली होती. देवदत्त आत पेपर चाळत होता. "मंग, काय असते ह्ये वर्गसमीकरण?" आजोबांनी विचारलं. "मले समजून तर सांग." मग ती आत आली, देवदत्तसमोर उभी राहिली आणि हात पुढे करून म्हणाली, "काका, ते पुठ्ठ्याचे तुकडे?" तो गडबडला. ते अजूनही त्याच्या ऑफिसच्या पँटच्या खिशातच होते. त्यानं ते आणून दिले, आणि पेपर तोंडासमोर धरून एक अक्षर न वाचता ऐकत राहिला. ती आजोबांना मराठीत सांगत होती. मूळ म्हणताना ळ चांगला जोरात उच्चारत होती. चौरस झाला, कोपरा भरला, रुंदी चार आली, लांबी दहा.

"चार मीटर रुंद?" गणपतराव म्हणाले. "ह्ये वावर हाय का खाट?"

ती खळखळून हसली. "आजोबा, पुस्तकातलं आहे ना! अन् ऐका, अजून एक उत्तर निघते. सातचा वर्ग एकोणपन्नास, पण वजा सातचा पण एकोणपन्नासच. मग एक्स वजा दहा."

"मंग त्याचं काय करायचं?"

"सोडून द्यायचं. वावराची रुंदी वजा नसते." ती थांबली. "पण चूक नाही ते. समीकरणात घालून पाहिलं तर बरोबर बसते. फक्त ह्या वावरात चालत नाही."

हे देवदत्तनं तिला शिकवलं नव्हतं. तिथवर ते पोचलेच नव्हते. म्हणजे ती एकटीच बसून पुढं गेली होती, त्याच्या यायच्या आधी, रोज. पेपरच्या मागं त्याचे डोळे भरून आले. दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि ती आत गेली.

"मले तर काहीच नाही समजलं," गणपतराव उठता उठता म्हणाले. "पन तुले समजलं हे समजलं. काय करतं मंग? येतं माझ्यासंग?"

"मी इथंच देते परीक्षा," रोशनी म्हणाली. "नापास झाली तर येईन."

ती नापास झाली नाही. बोर्डात तिला गणितात बेताचेच मार्क पडले, पण पास झाली. ते पुढचं. त्या वेळी कुणाला ते माहीत नव्हतं, आणि गणपतरावांना गाडीत बसवताना देवदत्तला त्याची फारशी फिकीरही उरली नव्हती. इटारसीला गाडी बदलायची म्हणून ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनंच निघाले. खिडकीतून त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोच हात मग देवदत्तच्या मनगटावर ठेवला. गाडी हलेपर्यंत काढला नाही.

परत येताना दोघं पायीच निघाले. ऑटोवाले हाका मारत होते, देवदत्तनं मान हलवून नाही म्हटलं. स्टेशनचा गलबला मागं पडल्यावर रोशनी म्हणाली, "आजोबांनी तुम्हाला सांगितलं ना?"

"काय?"

"बाबांचं. त्यांना गणित येत होतं ते."

तो चालता चालता थांबला. शेजारून एक स्कूटर हॉर्न देत गेली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी दुकानात बसायची ना शाळेतून आल्यावर. खताच्या पिशव्या, बियाण्याची पाकिटं, सगळं ते तोंडीच सांगायचे. मला सहावीतच कळलं होतं." ती पुढं बघत बोलत होती. "काल सकाळी तुम्ही दोघं फिरून आले, तेव्हा आजोबा माझ्याकडं बघतच नव्हते. म्हणून समजलं."

"मग तू बाबांना कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. मला कळलं म्हणून सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मोठी झाल्यावर सांगू म्हटलं, दोघं हसू." तिचे कान लाल झाले होते. "मग राहूनच गेलं."

इतके दिवस ही मुलगी एका मेलेल्या माणसाचं खोटं सांभाळत होती, त्याला उघडं पडू न देण्यासाठी पेपर कोरे ठेवत होती, आणि आपल्याला वाटलं की आपणच ते वाचवलं. देवदत्तला स्वतःचंच हसू आलं. तो तिच्या बाजूनं, तिच्या पावलांच्या बेतानं चालू लागला.

"आणखी काय काय करायचे बाबा?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं, खरंच विचारतो आहे का हे बघायला. मग सांगू लागली. ते चहात बिस्किट बुडवताना नेहमी पाडायचे आणि दर वेळी चकित व्हायचे. त्यांना पोहता येत नव्हतं, पण नदीवर गेले की गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांना पोहायला शिकवायचे. दुकान बंद करताना कुलूप लागलं का ते तीनदा ओढून बघायचे, आणि घरी आल्यावर तिला सायकलवर बसवून पुन्हा बघायला जायचे, तेव्हा रस्त्यात गुपचूप कुल्फी. देवदत्त विचारत होता, कोणत्या रंगाची सायकल, कुल्फी कोणाकडची, आणि ती हातवारे करून, भरभर, शब्द मागं न ठेवता सांगत होती. त्यातला एखादा शब्द त्याला कळत नव्हता, तर तो "काय म्हणालीस?" म्हणून थांबवत होता.

घर आलं. वर गॅलरीत दीप्ती उभी होती, तिनं हात केला. देवदत्तनंही हात केला. पण रोशनीची गोष्ट अर्धीच झाली होती, म्हणून दोघं फाटकावरून तसेच पुढं चालत गेले.